फ्यूज : एक शब्द, दोन घराणी



‘फ्यूज’ हा शब्द ज्या घरात बोलला जात नाही असे घर रामाकोन्यात शोधूनही सापडणार नाही. घरातली वीज गेली आणि शेजारी मात्र दिवे दिसत असले की आपण म्हणतो, ‘फ्यूज उडाला.’ बल्ब लागेना की ‘बल्ब फ्यूज झाला.’ संत्र्याच्या बागेतली मोटर थांबली की पहिला प्रश्न असतो, ‘डीपीवरचा फ्यूज पाहिला का?’ विहिरीत सुरुंग लावणारा मिस्त्री वातीलाही फ्यूजच म्हणतो. स्नेहसंमेलनात आपल्या मुली ‘फ्यूजन डान्स’ बसवतात, ज्यात लावणीही असते आणि दुसरेही बरेच काही असते. आणि विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात बर्फाचे पाणी होणे यालासुद्धा ‘फ्यूजन’ म्हटलेले आहे.

एवढ्या ठिकाणी वावरणाऱ्या या शब्दाचा मूळ अर्थ मुलांना विचारला तर कोणी ‘उडणे’ सांगतो, कोणी ‘जळणे’, कोणी ‘बंद पडणे’. अर्थ आहे ‘वितळणे’. हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

या शब्दावर लिहिण्यामागे एक कारण आहे, ते आधीच सांगतो. काही पालकांनी शाळेकडे लेखी मागणी केली आहे की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत शिक्षकांनी मराठी किंवा हिंदीचा एकही शब्द उच्चारू नये. मागणी विश्वस्त मंडळापुढे आहे आणि निर्णय मंडळच घेईल. प्राचार्य म्हणून माझे मत विचारले गेले आहे. ते दोन ओळींत कळवण्यापेक्षा एका शब्दाच्या आधाराने सर्वांसमोर मांडावे असे वाटले.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. इंग्रजीत दिसायला सारखे असे दोन ‘फ्यूज’ आहेत आणि दोघांचे घराणे वेगळे आहे.

पहिला फ्यूज म्हणजे सुरुंगाची किंवा तोफगोळ्याची वात. हा शब्द सतराव्या शतकात इटालियन भाषेतून इंग्रजीत आला. तिथे ‘फूझो’ म्हणजे सूत कातण्याची चाती, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला ‘फूसुस’, म्हणजे तेच, आपली टकळी. दारू भरलेली लांबट, निमुळती नळी टकळीसारखी दिसते म्हणून तिला टकळीचे नाव मिळाले. ज्यांनी वर्ध्याच्या नई तालीमच्या प्रभावाखालच्या शाळांतून टकळीवर सूत काढले, अशी पिढी आपल्या भागात आता फार थोडी उरली आहे. त्यांना ही उपमा लगेच पटेल. १८३१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम बिकफर्ड यांनी खाणकामगारांसाठी ‘सेफ्टी फ्यूज’ काढला. दारूभोवती घट्ट सूत गुंडाळलेली ती दोरी ठरलेल्या संथ गतीने जळत जाई, त्यामुळे माणसाला दूर पळायला वेळ मिळे. त्याआधी वात कधी भरकन जळे, कधी मधेच रेंगाळे आणि बघायला गेलेला मजूर प्राणाला मुके. आपल्याकडे विहिरी खोदताना, खाणीत काम करताना हीच जातकुळी वापरात राहिली.

दुसरा फ्यूज म्हणजे आपल्या मीटरजवळचा. हा लॅटिन ‘फुन्डेरे’ या क्रियापदापासून निघाला. फुन्डेरे म्हणजे ओतणे, आणि ओतता यावे म्हणून वितळवणे. धातू वितळवल्याशिवाय ओतता येत नाही, म्हणून ही दोन कामे एकाच शब्दात बसली. ‘फ्यूजन’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला, ‘फ्यूज’ हे क्रियापद त्यानंतर, आणि विजेचा फ्यूज तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जेव्हा शहरांत विजेचे दिवे आले तेव्हा. गंमत म्हणजे फुन्डेरेचे भूतकाळवाचक रूपही ‘फूसुस’ असेच होते. म्हणजे टकळी आणि ‘ओतलेले’ हे दोन शब्द लॅटिनमध्येच जुळ्यासारखे दिसत होते. पुढच्या लोकांचा घोळ झाला तर त्यांना काय दोष द्यावा!

कामाच्या दृष्टीने मात्र हे दोन फ्यूज अगदी उलटे आहेत. एक जळतो तो स्फोट व्हावा म्हणून. दुसरा वितळतो तो आग लागू नये म्हणून.

फुन्डेरेचा परिवार मोठा आहे आणि त्यातले निम्मे सभासद आपल्या ओळखीचे आहेत. ‘कन्फ्यूज’ म्हणजे एकत्र ओतणे. आपणही ‘घोळ’ म्हणतो तेव्हा मनात घोळण्याचे, ढवळण्याचेच चित्र असते. ‘ट्रान्सफ्यूजन’ म्हणजे एकातून दुसऱ्यात ओतणे, जसे रक्त देताना होते. ‘रिफंड’ म्हणजे परत ओतणे. ‘फाउंड्री’ म्हणजे जिथे धातू ओततात ती जागा, आपल्याकडे हा धंदा करणाऱ्याला ओतारी म्हणत. छापखान्यातली अक्षरे शिसे ओतून केली जात, म्हणून त्यांच्या संचाचे नाव ‘फॉन्ट’. आज कॉम्प्युटरवर काहीही ओतले जात नाही, तरी हे पत्रक टाइप करताना आमचे लिपिक ‘फॉन्ट बदलू का?’ असे विचारतातच. विश्वस्तांसाठी एक खुलासा करतो. ‘फंड’ हा शब्द या घराण्यातला नाही. तो ‘फुन्दुस’ म्हणजे तळ, पाया या शब्दापासून आला. संस्थेचा ‘फाउंडर’ही तिकडचाच. तेव्हा फंड आणि रिफंड यांचे नाते फक्त हिशेबाच्या वहीपुरते आहे.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. १७८६ साली कोलकात्याला विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. त्यानंतरच्या पंडितांनी शब्दाशब्दाची नाती जुळवली. त्यात फुन्डेरेचे संस्कृतातले भावंड निघाले ‘हु’ हा धातू, ज्याचे रूप ‘जुहोति’, म्हणजे अग्नीत ओततो. त्यापासून होम, हवन, हवी, आहुती, होता हे सगळे शब्द आले. म्हणजे मीटरजवळ चिनी मातीच्या किटकॅटमध्ये बसलेला फ्यूज आणि वास्तुशांतीच्या होमात सोडलेली तुपाची आहुती हे दूरचे नातलग आहेत. तूप ओतताना पळी, आणि विजेच्या खांबाखाली फ्यूज! ऐकायला विचित्र वाटते, पण नाते खरे आहे.

‘मेल्ट’ या साध्या शब्दाचेही असेच आहे. ‘मेल्ट’च्या मुळाशी ‘मऊ होणे’ हा अर्थ आहे आणि त्याच मुळापासून संस्कृतातला ‘मृदु’ आला. मृदुचे झिजून झिजून प्राकृतातून मराठीत झाले ‘मऊ’. लॅटिनमध्ये त्याच कुळातला ‘मोल्लिस’ म्हणजे मऊ. म्हणून गोगलगाय, शिंपले यांच्या वर्गाला ‘मोलस्का’ म्हणतात, आणि मराठी जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याला ‘मृदुकाय’ म्हटले आहे. भाषांतर करणाऱ्याने फक्त अर्थ पाहिला असेल, पण हाताशी आले ते मूळचेच भावंड. नाचणीच्या डब्यावर लिहिलेला ‘माल्ट’सुद्धा याच घरचा आहे.

शब्दांची ही वंशावळ सांगून मला विद्वत्ता दाखवायची नाही. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पदवीही हिंदीतून घेतली. आमच्या पुस्तकात ‘गलनांक’ होता, घरात आई लोणी ‘कढवत’ असे, आणि मास्तर फळ्यावर ‘मेल्टिंग पॉइंट’ लिहीत. हे तीन शब्द डोक्यात एकत्र आले, तेव्हाच ती गोष्ट कळली. आपल्या भागातल्या मुलाला ही सोय जन्मतःच मिळते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती, दुसऱ्या दिवसापासून भोपाळ झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले, सौसर आणि पांढुर्णा इकडे राहिले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. पण घरातली भाषा कोणत्याही आदेशाने बदलली नाही. आपण घरी मराठी, बाजारात दोन्ही, कचेरीत हिंदी बोलतो, आणि कुणाच्या घरी पवारी, कुणाच्या घरी गोंडी. याला काही जण खिचडी म्हणतात. मी याला भांडवल म्हणतो.

वितळण्याचीच गोष्ट घ्या. इंग्रजीत बहुतेक कामे ‘मेल्ट’ आणि ‘डिझॉल्व्ह’ या दोन शब्दांवर भागतात. मराठीत पाहा. मेण वितळते, कारण त्याला उष्णता लागली. साखर विरघळते, कारण तिला पाणी मिळाले. हा फरक रसायनशास्त्राचा पहिला धडा आहे आणि आपल्या आजीला तो शाळेत न जाता माहीत होता. चहात साखर ‘वितळली’ असे ती कधीच म्हणणार नाही. गारपिटीच्या गारा अंगणात पाघळतात. पाघळणे यात वितळण्याबरोबर ओघळणेही आले. गोड बोलण्याने माणूसही पाघळतो. लोणी कढवतात, रस आटवतात, मन मात्र वितळत नाही, ते द्रवते. आणि उलट क्रियेसाठी शब्द पुन्हा वेगळे. पाणी गोठते, तूप थिजते. खोबरेल तेलाचा द्रवणांक साधारण २४ अंश सेल्सिअस आहे, म्हणून सातपुड्याच्या थंडीत डिसेंबरमध्ये आपल्या घरची बाटली थिजते आणि आई ती उन्हात ठेवते. हा पदार्थाच्या अवस्थांतराचा प्रयोगच आहे. प्रयोगशाळेचे सामान लागत नाही, लागतो तो फक्त ‘थिजणे’ हा शब्द.

आता हिंदी पाहा. तिथे पिघलना, घुलना आणि गलना. पिघलना आपल्या पाघळण्याच्या जवळचे वाटते, घुलना म्हणजे विरघळणे. गलना मात्र आपल्या मुलांना फसवतो. हिंदीत बर्फ ‘गलती है’, दाळ ‘गलती है’, जास्त पिकलेले फळही ‘गल जाता है’. मराठीत नळ गळतो, पाने गळतात, केस गळतात. दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘गल्’ या एकाच धातूपासून आले, अर्थ ठिबकणे, ओघळणे. हिंदीने त्यातून मऊ पडण्याचा अर्थ घेतला, मराठीने खाली पडण्याचा. म्हणूनच आपली मुले उत्तरपत्रिकेत ‘मेणबत्ती गळली’ असे लिहितात. यावर लाल रेघ ओढून पुढे जाण्यापेक्षा फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले, तर पाच मिनिटांत दोन भाषा आणि एक विज्ञानाची संकल्पना स्पष्ट होते. हे माझ्या मते चांगल्या शिकवण्याचे काम आहे. पण त्यासाठी शिक्षकाला तोंडातून मराठी आणि हिंदी काढावी लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फ्यूज या शब्दाचा अर्थ न कळल्याने नुकसान होते का? होते, आणि कधी कधी फार मोठे होते.

फ्यूजची तार म्हणजे साखळीतला मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा. जुन्या पद्धतीत ती बहुधा कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची असे. कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे ३२७ अंशांवर, आणि दोघांचे विशिष्ट प्रमाणातले मिश्रण तर १८३ अंशांवरच. ज्येष्ठ मंडळींना कल्हईवाला आठवत असेल. भात्याने विस्तव फुलवून तो पितळेचे भांडे तापवी, नवसागराची चिमूट टाकी आणि कथलाची कांडी टेकवताच ती पाण्यासारखी पसरे. भांड्याला काही होत नसे, कारण पितळ वितळायला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. फ्यूजचे तत्त्व हेच. तारेतून वीज वाहते तेव्हा उष्णता निर्माण होते, आणि ज्यूल यांच्या नियमाप्रमाणे ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. कुठे तारा एकमेकींना चिकटल्या, किंवा एकाच बोर्डावर हीटर, प्रेस आणि कूलर लावले, तर सर्वांत आधी फ्यूजची तार वितळते आणि मार्ग तुटतो. भिंतीतली वायर, पंखा, घर वाचते. म्हणजे फ्यूज ‘उडाला’ यात बिघाड फ्यूजचा नसतो. फ्यूजने आपले काम केलेले असते. बिघाड दुसरीकडे कुठेतरी आहे, एवढे तो सांगून गेलेला असतो.

पण आपण काय करतो? तार वारंवार वितळते म्हणून वैतागतो आणि त्या जागी केबलमधली तांब्याची जाडजूड तार पिळून गुंडाळतो. वर समाधानाने सांगतो, ‘आता काही उडत नाही.’ तांबे १०८५ अंशांवर वितळते. अगदी बारीक, मोजून काढलेली तांब्याची तार फ्यूज म्हणून चालते, प्रश्न जाडीचा आहे. दिव्यांच्या लाइनवर साधारण ५ अँपिअरचा आणि हीटर-गीझरच्या लाइनवर १५ अँपिअरचा फ्यूज असावा असे आपण दहावीत शिकवतो. त्या जागी चार पदरी तार पिळली, तर ती वितळण्याआधी भिंतीतल्या वायरचे प्लास्टिक वितळेल. जी वितळत नाही ती तार फ्यूज नव्हेच. किटकॅटमध्ये बसली म्हणून तिला फ्यूज म्हणायचे एवढेच. ज्याला शब्दाचा अर्थ ‘वितळणारा’ असा माहीत आहे, तो ही तार लावताना निदान एकदा थांबेल. ज्याच्यासाठी फ्यूज म्हणजे ‘उडणारा’, तो न उडणारी तार शोधत राहील.

शेतातल्या मोटरचे तर आणखी वेगळे. तीन फेजपैकी एकाचा फ्यूज गेला आणि मोटर दोन फेजवर ओढत राहिली, की आतली वाइंडिंग तापून जळते. म्हणून स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावतात. आणि ऐन ओलिताच्या दिवसांत, रात्रीच्या पाळीला, खालून लाइन बंद न करता स्वतःच डीपीवर चढून तार गुंडाळणारे लोक आपल्याला सर्वांना माहीत आहेत. विद्यार्थ्यांनो, घरात कोणी असे करायला निघाले तर त्यांना अडवा. लहान तोंडी मोठा घास म्हटले तरी चालेल.

नव्या घरांत आता एमसीबी असते. तिच्यात काही वितळत नाही. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते, आणि अचानक मोठा प्रवाह आला तर चुंबक खटका ओढतो. तरीही आपण म्हणतो ‘फ्यूज पडला’. एलईडी बल्बमध्येही सहसा काही वितळत नाही, तरी तो ‘फ्यूज’ होतो. जुन्या बल्बमध्येसुद्धा टंगस्टनची तार, जिचा द्रवणांक ३४२२ अंश आहे, वापरून वापरून वाफ होत बारीक पडते आणि मग तुटते. शब्द असाच पसरत जातो. निवृत्त अधिकाऱ्यालाही हिंदीत ‘फ्यूज बल्ब’ म्हणण्याची चाल आहे. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली असल्याने तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता वर्गातला प्रश्न. विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात ‘लेटंट हीट ऑफ फ्यूजन’ येते. बर्फाचे तापमान ० अंश असताना त्याला उष्णता दिली, तरी सगळा बर्फ वितळेपर्यंत थर्मामीटर वर सरकत नाही. ती उष्णता कुठे गेली, हा प्रश्न अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांना पडला आणि त्यांनी तिला ‘दडलेली’ उष्णता म्हटले. एक किलो बर्फाचे ० अंशावरच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी ० पासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापते. केवढी मोठी गोष्ट! पण मुलाच्या कानावर ‘फ्यूजन’ पडते तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर येतो संमेलनातला नाच, किंवा मोबाइलवर पाहिलेले सूर्याचे चित्र. सूर्यात होते तेही फ्यूजनच. तिथे दीड कोटी अंश तापमानात हायड्रोजनची केंद्रके जोडली जाऊन हेलियम होते, दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात हे येते. एका फ्यूजनमध्ये काही जोडले जात नाही, फक्त वितळते. दुसऱ्या फ्यूजनमध्ये काही वितळत नाही, फक्त जोडले जाते. दोन धातू वितळले की एकमेकांत मिसळून एक होतात, तेवढ्या धाग्यावरून अर्थ ‘वितळणे’ सोडून ‘एकरूप होणे’ इकडे गेला. हा धागा सांगितला नाही तर हुशार मूलही पाठ करते आणि मनातल्या मनात म्हणते, इंग्रजीला काही ताळतंत्र नाही.

हिंदी पुस्तकात यासाठी दोन शब्द आहेत. बर्फासाठी ‘संगलन’, सूर्यासाठी ‘संलयन’. मराठीत बर्फासाठी साधे ‘वितळणे’ आणि सूर्यासाठी ‘संमीलन’. इंग्रजीत जिथे एकच शब्द आहे तिथे आपल्याकडे दोन-दोन आहेत आणि दोन्ही स्पष्ट आहेत. ही मदत हाताशी असताना शिक्षकाने ती दाराबाहेर ठेवून वर्गात शिरावे, हे मला पटत नाही.

पालकांच्या मागणीमागची काळजी मी समजतो. नागपूरला, इंदूरला, पुण्याला मूल गेले की इंग्रजीत बोलता आले नाही म्हणून मागे पडते, हे खरे आहे. फी भरून इंग्रजी माध्यमात घातले आणि वर्गात मराठीच ऐकू आली तर पैसे कशाचे, हा प्रश्नही चुकीचा नाही. जो शिक्षक स्वतःला इंग्रजी जमत नाही म्हणून पूर्ण तास मराठीत काढतो, त्याच्या बाजूने मी बोलत नाही. त्याला तयारी करावीच लागेल आणि ती मी करून घेईन. पण अडलेला अर्थ घरच्या भाषेत उलगडून पुन्हा इंग्रजीत आणणे वेगळे. संविधानाचा अनुच्छेद ३५० क, जो १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने आला, राज्यांना सांगतो की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करा. मध्य प्रदेशात आपण मराठी भाषिक त्या गटात मोडतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. जे देशाचे धोरण मान्य करते त्यावर आपल्याच गावात आपण बंदी घालायची?

इंग्रजीत ‘मेल्टिंग पॉट’ असाही एक शब्दप्रयोग आहे. इस्राएल झांगविल यांच्या त्याच नावाच्या नाटकामुळे १९०८ नंतर तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. देशोदेशीचे लोक एका मुशीत वितळून एक नवा माणूस होईल, अशी त्यामागची कल्पना. मला ती फारशी आवडत नाही. मुशीत घातलेला दागिना ओळखू येत नाही, सोने तेवढे राहते. आपल्या भागात सत्तर वर्षे मराठी हिंदीच्या शेजारी राहिली, तिच्यात ‘कक्षा’, ‘पंचायत सचिव’, ‘पटवारी’ असे शब्द आले, ‘डोळ्या’चा ‘डोया’ तर पूर्वीपासून आहेच. तरी ती वितळली नाही. उपमा फार ताणू नये, पण मिठाचे पाणी आटवले की मीठ परत मिळते, हेही रसायनशास्त्रच सांगते.

मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत पाठ इंग्रजीतच चालावा, पण संकल्पना समजावताना शिक्षकाला मराठी व हिंदी वापरण्याची मुभा राहावी. सहावीपासून प्रत्येक वर्गात भिंतीवर एक तक्ता असावा, ज्यावर आठवड्याला एक शब्द तिन्ही भाषांत आणि त्याच्या कुळासह मुलांनीच लिहावा. घरी गोंडी किंवा पवारी बोलणाऱ्या मुलाने आपला शब्दही त्यात जोडावा. आणि शाळेच्या जुन्या इमारतीतले सर्व किटकॅट बदलून एमसीबी बसवावी. तिसऱ्या गोष्टीला पैसे लागतील, पहिल्या दोन फुकट आहेत.

पुढच्या पालक सभेच्या दिवशी भौतिकशास्त्राचे शिक्षक प्रयोगशाळेत बॅटरीवर तीन तारा लावून दाखवतील : एक फ्यूजची, एक बारीक तांब्याची आणि एक जाड तांब्याची. कोणती कधी वितळते ते सर्वांना पाहता येईल. ज्यांच्या घरी अजून किटकॅट आहे त्यांनी आतल्या तारेचा तुकडा सोबत आणावा, तिची जाडी आम्ही मोजून देऊ. तो काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, पायात कोरडी चप्पल असावी, आणि हे काम घरातल्या मोठ्या माणसानेच करावे, मुलांनी नाही.